निरसं दूध

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार

हेडमास्तर होतो तोवर रोज संध्याकाळी शाळेच्या शेरेबुकात चार ओळी लिहायचो. निवृत्त झालो आणि ती सवय सुटली. आज लीलाने ही वही पुढ्यात टाकली. म्हणाली, "बाबा, तुमी कोणाशी बोलणास नाय. निदान लिवा तरी." पोरीचा मान ठेवायचा म्हणून लिहितो आहे, बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

सावित्री जूनमध्ये गेली. रडू आलं नाही. माणसं आली, ओट्यावर बसली, चहा पिऊन उठून गेली. मास्तर घट्ट मनाचे, असं तारकर्लीपर्यंत झालं म्हणे. घट्ट कसलं? मन जागेवर आहे की नाही हेच कळत नाही. ताट समोर आलं की जेवतो, अंथरूण घातलं की पडतो.

लीला बाळंतपणाला आली आहे. मार्चची तारीख आहे. याआधी दोनदा तिचा गर्भ टिकला नाही, म्हणून जावयाने, विश्रामने, तिला रेडीहून लवकर आणून सोडलं. तो तिथे बंदरावर कारकून आहे, रविवारी येतो. सावित्री असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आता मी आहे. मी काय घेणार?

७ नोव्हेंबर

तांबूबद्दल लिहायला हवं. सावित्रीने उन्हाळ्यात इन्सुली गावाकडून ही गाय आणली, गाभण. गेल्या महिन्यात तिने अवेळी गाभ टाकला. गणपत गोठ्यात काम करतो, त्यानेच सगळं पुरलं. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, गाईचं रक्त तपासून घ्या, आणि दूध तापवल्याशिवाय कोणी पिऊ नका. रक्ताचं मी बरं म्हटलं आणि ते राहून गेलं. दुधाचं मला सांगायला नको होतं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे.

वासरू नाही, तरी गाईला पान्हा आहे. इतक्या दुधाचं दोघांनी करायचं काय? वाडीत रतीब घालायचं ठरवलं. गणपत म्हणाला, "मास्तरानू, ह्या वयात दूध इकतलास?" म्हटलं, विकणार. सकाळ तरी सरेल.

१६ नोव्हेंबर

माझी पद्धत अशी. गोठा आधी धुवायचा. कास कोमट पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसायची. पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडायच्या. हात साबणाने कोपरापर्यंत. भांडी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथी. गाळायचं फडकं रोज वेगळं. इकडचे दूधवाले ज्या हाताने शेण काढतात त्याच हाताने धार काढतात आणि वर दूध पातळ का म्हणून विचारलं तर पावसाकडे बोट दाखवतात.

दारोदार कच्चंच दूध देतो, पण प्रत्येक बाईला बजावून: तीन वेळा वर येऊ द्यायचं, मगच खाली उतरवायचं. बाया पदराआड हसतात. हसोत.

सगळ्यात जास्त दूध अलीमियाँकडे जातं. बाजारात त्यांचं दुकान, घरात माणसं खूप. त्यांची बायको नसीमाभाभी सावित्रीची मैत्रीण. आज भांडं पुढे करत म्हणाली, "मास्तरानू, सावित्रीबायन माका वीस वर्सांमागे हाच सांगल्यान. मी तुमच्या आदी शिकलंय."

२४ नोव्हेंबर, सोमवार

देवाचं मला काही कळत नाही. जन्मभर पूजा सावित्रीची आणि शाळा माझी. निघताना ती तळहातावर तीर्थ घालायची, मी ते पिऊन हात डोक्याला पुसायचो आणि सायकलवर बसायचो. तिच्या मागे देव पारोसे राहायला लागले तेव्हा लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने तिच्यासाठी सोमवार धरले होते, लेकीची कूस उजवू दे म्हणून. ते अर्धेच राहिले. म्हटलं, मी करतो. श्रद्धा नाही, पण हात आहेत.

रोज पिंडीवर पळीभर दूध, सोमवारी पंचामृत. माझी आई सांगायची, देवाला निरसं दूध लागतं, चुलीवर चढलेलं चालत नाही. सावित्रीही तसंच करत असणार. ती आईच्याच हाताखाली तयार झालेली. म्हणून धार काढली की पहिली वाटी देव्हाऱ्यात नेऊन ठेवतो. तिचं काही मोडायचं नाही.

देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक लहान पितळी तपेली सापडली. बुडाला काजळी, आत पांढरट डाग. देवाजवळ असलं काळं भांडं कशाला ठेवलं होतं कोण जाणे. घासून परसात नेली. दाढीच्या पाण्याला बेताची आहे.

४ डिसेंबर

दत्ताराम रोज सकाळी येतो. पूर्वी पोस्टात होता, लग्न केलं नाही, एकटाच असतो. जास्वंदीची फुलं आणतो, तीर्थ घेतो, गावच्या चार कुचाळक्या सांगतो आणि जातो. त्याला दूध चालत नाही, पोट बिघडतं म्हणतो. चहा कोरा. लीला त्याला चिडवते, "दत्तारामकाका, तुमच्या चायेत आणि खाडीच्या पाण्यात फरक काय?" तो म्हणतो, "चायेत साकर आसता गो."

लीला हसली की घर जरा बरं वाटतं, असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर मला आवाज ऐकू येतो एवढंच.

२२ डिसेंबर, सोमवार

दत्ताराम आठवडाभर आला नाही म्हणून बघायला गेलो. संध्याकाळी ताप चढतो, घाम फुटून अंथरूण भिजतं, सकाळी उतरतो. कंबर धरली आहे. हिवताप असेल, गोळ्या घे म्हटलं. गोळ्या घेतल्या म्हणाला. जाताना मला थांबवून म्हणाला, "आज सोमवार. माझा तीर्थ हाडलास?" नव्हतं आणलं. परत घरी येऊन फुलपात्रातून नेऊन दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं.

४ जानेवारी १९८७

लीलाला ताप आहे. तीन-चार दिवस लपवत होती. संध्याकाळी अंग तापतं, पहाटे पोलकं पिळून काढावं इतका घाम. सांधे दुखतात म्हणते. विश्राम आला होता, ओट्यावर डोकं धरून बसला. मला म्हणाला, "बाबा, ह्याही खेपेक..." मी त्याला चहा दिला.

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोटातलं बाळ ठीक आहे म्हणाल्या. रक्त घेतलं, गोव्याला पाठवणार आहेत.

घरी आलो तर लीला म्हणाली, "बाबा, आजची पूजा चुकवू नकात." चुकवली नाही. तीर्थ जरा जास्त दिलं.

११ जानेवारी

मलाही कणकण आहे. धार काढताना मनगटं भरून येतात. वय झालं. सावित्री असती तर सुंठ उगाळून कपाळावर थापली असती आणि वर बोलली असती. आता बोलायला कोणी नाही, म्हणून कपाळही तसंच आहे.

१५ जानेवारी

वाडीत कुजबूज झाली आहे की मास्तरांचं दूध बाधलं. गाभ टाकलेल्या गाईचं दूध, त्यात बाईमाणूस गेलेलं घर, असं काहीबाही. एकेका दारातून भांडं पुढे येणं बंद झालं. एकीने तर दार लोटून आतूनच सांगितलं, "आज नको मास्तरानू, फाल्यापण नको."

मला राग यायला हवा होता. म्हणजे मी स्वतःशी म्हणालो की आता राग ये, आणि तो आला नाही. पण मुद्द्याचं बोलायचं तर दुधाचा संबंध नाही. आमच्या घरात थेंब न थेंब उकळतो. तीन वेळा वर आल्याशिवाय मी पातेलं उतरवत नाही, लीला साक्षीला आहे. आणि दत्तारामचं काय? जो माणूस दूध पीतच नाही त्याला दुधाने ताप कसा येईल? हे चौथीच्या पोरालाही कळेल.

नसीमाभाभीचं भांडं मात्र रोज येतं.

२७ जानेवारी

गोव्याहून रक्ताचा निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. गुरांचा एक आजार असतो. त्यात गाय गाभ टाकते. गोठ्यात हाताळताना किंवा कच्च्या दुधातून तो माणसाला होतो. पोटुशीला झाला तर बाळाला धोका असतो.

"घरात गाभ टाकलेली गाय आहे?"

"आहे."

"लीला गोठ्यात जाते?"

"एकदाही नाही. तिला शेणाच्या वासाने उमासे येतात."

"मग कच्चं दूध प्यायली असणार."

मी म्हटलं, बाई, तुम्ही कोणाला विचारता आहात? माझ्या घरात कच्चं दूध कोणाच्या ओठाला लागत नाही. लीलालाही विचारलं. ती म्हणाली, "नाय हो. बाबा किती कडक आसत ता अख्ख्या गावाक ठावक आसा." बाईंनी गर्भारपणात चालणारी औषधं सुरू केली. म्हणाल्या, औषध देता येतं, पण कुठून येतंय ते बंद झालं नाही तर काय उपयोग. लीलाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दत्तारामलाही पाठवून द्यायला सांगितलं आहे.

तीर्थ मात्र मी फुलपात्रात घालून संध्याकाळी नेऊन दिलं. तिने मागितलं होतं.

२८ जानेवारी

गणपतला खोदून विचारलं. त्याने एकदाच गाभाला हात लावला होता आणि तो ठणठणीत आहे. कोरा चहा पिणारा दत्ताराम मात्र अंथरुणात.

दुपारी नसीमाभाभी आली. लीलासाठी पेज आणि सुक्या बांगड्याचं किसमूर घेऊन. ओट्यावरच बसली. म्हणाली, "मास्तरानू, एक इचारू? माझ्या घरात इतकी तोंडां. सगळ्यात जास्त दूध आमी घेतंव. कोणाक साधी शिंक नाय. आणि तुमका ताप, लीलाक ताप, त्या दत्तारामाक ताप. तुमी तिगां असा काय खातास, जा आमी खाणव नाय?"

मी जरा चिडूनच म्हटलं, "मासे तेच, तांदूळ तोच, पाणी त्याच बावीचं. आणि दत्ताराम माझ्या घरात चहासुद्धा घेत नाही."

"मगे तो सकाळचो येता कित्याक?"

"फुलं घेऊन येतो. तीर्थ घेतो आणि जातो."

ती काहीतरी बोलणार होती, पण नुसता पदर सारखा केला. आमच्या देवाधर्माचं बोलणं झालं की ती अशीच संकोचते. मग म्हणाली, "बरां. येतंय मी. पेज गरम आसा तवसर न्या."

२९ जानेवारी

सकाळी धार काढली. पहिली वाटी देव्हाऱ्यात नेली. पिंडी ताम्हनात घेतली, पळी भरली, ओतली. दूध पिंडीवरून खाली उतरलं. ते फुलपात्रात ओतताना हात थांबला.

फुलपात्र हातातच राहिलं. मी बसून राहिलो. बाहेर गणपत हाका मारत होता, ओ द्यावीशी वाटली नाही.

हे दूधच आहे. मी याला दूध म्हणून धरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना सांगताना माझ्या मनात हे आलंसुद्धा नाही, आणि लीलाच्याही नाही. तीर्थ म्हणजे तीर्थ. तिला ताप असताना मी ते जास्त दिलं. दत्तारामला घरपोच दिलं. दवाखान्यात नेऊन दिलं.

घाम फुटला. तापाचा की दुसरा, माहीत नाही. चालत मालवणला गेलो, एस. टी.ची वाट बघितली नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं, सापडलं." लीलाला मी काही सांगितलं नाही. तिच्या आईच्या सोमवारांनी हे केलं, असं त्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू? आजचं तीर्थ म्हणून विहिरीचं पाणी तुळस घालून दिलं. ती डोळे मिटून प्यायली.

४ फेब्रुवारी

ज्या ज्या घरी दूध दिलं होतं तिथे जाऊन सांगितलं की गाय आजारी आहे, कोणी कच्चं प्यायलं असेल तर रक्त तपासा. आता लोक दार उघडतात, कारण मी विकायला आलेलो नाही. तांबू वेगळी बांधली. गुरांचे डॉक्टर येऊन तिचं रक्त घेऊन गेले. दूध काढून चुना घातलेल्या खड्ड्यात ओततो. ती मान वळवून बघत राहते.

दत्तारामला समजावलं. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "देवाच्या तीर्थान खंय कोणाक काय जाता? मास्तर, तुमी शिकलेले म्हणान सांगतास." गोळ्या घेतो आहे, ते पुष्कळ. माझ्याही सुरू झाल्या.

१७ फेब्रुवारी

मुलगी झाली. वेळेआधी, लहानखुरी, पण रडली. लीला बरी आहे. विश्राम दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाट बघितली. मला वाटलं, आता तरी काही वाटेल. नाही वाटलं. नात बघितली. एवढीशी मूठ, सालीसारखी कातडी. जिवंत आहे, असं मनाशी तीनतीनदा म्हटलं. घरी येऊन भात टाकला.

२२ मार्च, रविवार

लीला आणि पोर घरी येऊन आठवडा झाला. पोर दूध ओढते, आईचं. घरात गाईचं दूध नसीमाभाभी दुसरीकडून आणून देते, आम्ही तापवूनच घेतो. देवाला मी नुसतं पाणी घालतो. लीलाने त्याबद्दल विचारलं नव्हतं.

आज सकाळी परसात दाढी करायला बसलो होतो. चुलीवरून पाणी उतरवून आणलं, आरसा पेरूच्या फांदीला टांगला. लीला पोरीला उन्हात घेऊन आली. माझ्या पुढ्यात बघून थांबली.

"बाबा, ही तपेली तुमी दाढीक घेतलास?"

"का गो? कसली आहे ही?"

"देवाची तपेली ती. आई तेच्यात देवाचा दूध तापवी."

मी म्हटलं, "देवाला निरसं लागतं."

"भटजींफुडे लागता. घरच्या तीर्थाक आई रोज तापवलेलाच घाली. आजी आसतानासुद्धा, चोरून. म्हणी, ह्यांनी लग्नाच्या पयल्या वर्साक माका सांगल्यानी, न तापवलेला दूध कोणाच्या पोटात जाता नये. मगे तीर्थ काय पोटात जाणा नाय?" लीला हसत होती. "तुमका ठावक नाय? माका वाटला तुमी दुसऱ्या भांड्यात तापवतास..."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. तापापासूनचं सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलेलं मी बघितलं. मी मान खाली घातली. तपेलीतल्या पाण्यावर माझ्या साबणाचा फेस होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला हे सांगितल्याचं मला आठवतसुद्धा नाही. सांगितलं असेल. शाळेतून आलो की असलं काहीतरी सांगायची खोड होती मला. पोरांनी ऐकलं आणि परीक्षेपुरतं लिहिलं. वाडीतल्या बाया पदराआड हसल्या. एका बाईने तेवढं धरून ठेवलं, सासूच्या नजरेआड जन्मभर तपेली चुलीवर चढवली, आणि तेच रोज सकाळी माझ्या तळहातावर घातलं. मी ते पिऊन सायकलवर बसत होतो. त्या वाटीत काय आहे, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

"बाबा," लीला म्हणाली, "पाणी निवला. दाढी करा."

मग ती आत गेली नाही. पोरीला माझ्या मांडीवर ठेवून शेजारीच बसली. मला रडू आलं. जूनपासून न आलेलं आलं, तोंडाला साबण तसाच. पोर माझ्याकडे टकामका बघत होती.

दुपारी तपेली चिंचेने घासली, राखेने घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि उन्हात पालथी घातली. संध्याकाळी देव्हाऱ्याखालच्या फळीवर, होती तिथे ठेवली. उद्या सोमवार आहे. दूध तापवायचं आहे. दाढी आता थंड पाण्याने करीन.